लिंगात तेलकट पदार्थ टोचून घेतला असेल तर काय करावे

लिंगाची जाडी वाढावी म्हणून त्वचेखाली व्हॅसलिन, पॅराफिन, खनिज तेल, द्रवरूप सिलिकॉन, एखादे खाद्यतेल किंवा तेलात मिसळलेले जीवनसत्त्व टोचण्याचा प्रकार जगाच्या अनेक भागांत आढळतो. काही जण स्वतःच टोचून घेतात, काहींना मित्राने किंवा तुरुंगातील सोबत्याने टोचलेले असते, आणि काहींनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाकडून ‘फिलर’ या नावाखाली ते पैसे मोजून करून घेतलेले असते. ज्यांनी असा पदार्थ आधीच टोचून घेतला आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. टोचण्याचा विचार करत असलेल्या वाचकालाही पुढे काय घडते ते यातून कळेल. तथापि घडलेली गोष्ट लपवण्यात जो मौल्यवान काळ निघून जातो तो वाचावा, हा या लेखनाचा पहिला हेतू आहे.

आत नेमके काय घडते

उपाय समजून घेण्यासाठी शरीर या तेलाशी कसे वागते ते आधी माहीत असावे. अन्नातून पोटात गेलेले खाद्यतेल पचवण्याची व्यवस्था आतड्यांत असते. त्वचेखाली साठलेल्या तेलासाठी तशी व्यवस्था नसते, आणि खनिज तेल, पॅराफिन किंवा सिलिकॉन यांचे विघटन करणारे विकर तर शरीरात कोठेच नाही. त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी त्या थेंबांना परका पदार्थ मानून त्यांच्याभोवती गोळा होतात, त्यांना गिळण्याचा प्रयत्न करतात, तो फसला की एकमेकींत मिसळून मोठ्या पेशी बनवतात आणि अखेरीस प्रत्येक थेंबाभोवती तंतुमय ऊतीचे कवच तयार होते. अशा असंख्य कवचांची मिळून जी कडक गाठ होते तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. पॅराफिनमुळे झाली असल्यास पॅराफिनोमा म्हणतात, आणि तपासणीच्या अहवालात ‘स्क्लेरोझिंग लायपोग्रॅन्युलोमा’ असे 1950 पासून रूढ असलेले नावही आढळू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली या ऊतीत तेलाच्या जागी लहानमोठी रिकामी भोके दिसतात, त्यावरून निदान बहुधा निश्चित होते.

ही प्रक्रिया सर्वांमध्ये सारख्या वेगाने होत नाही. काहींना पहिल्याच आठवड्यात सूज, लाली आणि ठणका सुरू होतो. काहींना मात्र अनेक महिने, कित्येकदा अनेक वर्षे काहीच जाणवत नाही, आणि या शांत काळामुळे आपले सर्व सुरळीत पार पडले असा त्यांचा समज होतो. याच काळात ते दुसऱ्यांना आपला अनुभव ‘यशस्वी’ म्हणून सांगतात, आणखी पदार्थ टोचून घेतात, आणि नंतर त्रास सुरू झाला की इतक्या जुन्या गोष्टीशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत घातक भाग हाच वाटतो.

तेल टोचलेल्या जागीच राहते असेही नाही. लिंगाच्या त्वचेखालचा सैल थर वृषणकोशाच्या, जांघेच्या आणि ओटीपोटाच्या त्वचेखालच्या थरांशी सलग जोडलेला असतो, म्हणून तेल त्या वाटेने सरकते आणि वृषणकोशात किंवा ओटीपोटाच्या खालच्या भागातही गाठी होतात. जांघेत अवधाण आल्यासारख्या लसिकाग्रंथी सुजतात. लिंगाच्या दांड्यावर एका बाजूला फुगवटा, दुसऱ्या बाजूला खळगा, असा वेडावाकडा आकार येतो. अग्रत्वचा कडक होऊन मागे सरकत नाही, ताठरतेच्या वेळी दुखते, संभोग अशक्य होतो. वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा दाबला गेला की ती निळसर, मग काळी पडते, तिला छिद्र पडते आणि त्यातून तेलमिश्रित पू वाहू लागतो. अशी जखम मलमपट्टीने वरवर भरली तरी पुन्हा फुटते, कारण तिच्या तळाशी तेल तसेच असते.

तेल टोचण्याच्या या प्रकाराचा इतिहास जुना आहे. व्हिएन्नातील शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी 1899 मध्ये क्षयरोगामुळे वृषणे गमावलेल्या एका तरुणाच्या वृषणकोशात खनिज तेलापासून केलेले व्हॅसलिन टोचले होते. त्यानंतर पॅराफिन चेहऱ्यात, स्तनांत आणि इतरत्र टोचण्याची लाट आली. काही वर्षांतच गाठी, व्रण, फुप्फुसात तेल जाणे आणि अंधत्व अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आणि मान्यताप्राप्त वैद्यकाने ही पद्धत सोडून दिली. आज कोणी ती नवी म्हणून विकत असेल तर ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिलेली पद्धत आहे, हे लक्षात घ्यावे.

ताबडतोब रुग्णालयात जाण्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची किंवा ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

टोचल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासांत धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे, शुद्ध हरपू लागणे, बोलण्यात किंवा दिसण्यात एकाएकी बदल होणे. तेल रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचल्याची ही चिन्हे असू शकतात.

ताप आणि थंडीसह लिंग, वृषणकोश किंवा गुदद्वाराभोवतीचा भाग झपाट्याने सुजणे. दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना फार जास्त असणे. त्वचेवर काळे किंवा जांभळे डाग पसरणे, दुर्गंधी येणे, दाबल्यावर त्वचेखाली हवा असल्याप्रमाणे करकर जाणवणे. हे फोर्निअर गँगरीन असू शकते. त्यात जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो, जिवाला धोका असतो, आणि शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांबरोबरच मृत ऊती कापून काढण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. मधुमेह असलेल्यांना, नियमित मद्यपान करणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना याचा धोका अधिक असतो, म्हणून त्यांनी थोडा ताप आला तरी थांबू नये.

लघवी तुंबणे, मागे ओढलेली अग्रत्वचा पुढे न येणे आणि लिंगमणी सुजून निळा पडणे, ताठरता 4 तासांहून अधिक काळ टिकणे. ही तिन्ही लक्षणे तातडीचीच आहेत, कारण अशा वेळी उशिराने होणारे नुकसान पुष्कळदा कायमचे असते.

टोचून थोडेच दिवस झाले असल्यास

त्रास नसला तरी मूत्ररोगतज्ज्ञांना, म्हणजेच युरॉलॉजिस्टना, लवकर दाखवावे. तोपर्यंत जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुऊन कोरडी ठेवावी, सैल सुती अंतर्वस्त्र वापरावे, झोपताना वृषणकोशाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून सुजलेला भाग थोडा उंच राहील असे पाहावे आणि संभोग व हस्तमैथुन टाळावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वेष्टनावरील प्रमाणात घेता येते, मात्र ताप दबल्यामुळे आजार कमी झाला असे समजू नये.

टोचलेले तेल पिळून, दाबून किंवा सुईने ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते असंख्य बारीक थेंबांच्या रूपात ऊतींत पसरलेले असते आणि दाबामुळे आणखी दूर जाते. मालिश, गरम पाण्याचा शेक, व्हॅक्यूम पंप, आकार सारखा व्हावा म्हणून घट्ट गुंडाळलेली पट्टी किंवा रिंग, यांपैकी प्रत्येक गोष्टीने आधीच नाजूक झालेल्या त्वचेचे नुकसान वाढू शकते. गाठीला स्वतः चीर देणे तर निखालस टाळावे. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम किंवा उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून लावणे-घेणे यामुळे लक्षणे झाकली जातात आणि निदान लांबते. आकार एकसारखा करण्यासाठी दुसरे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी पुन्हा संपर्क ठेवू नये.

‘विरघळवणारे इंजेक्शन’ देण्याचे आश्वासन मिळाले तर विशेष सावध राहावे. हायलुरोनिक ॲसिडचा फिलर विरघळवणारे विकर उपलब्ध आहे, हे खरे आहे. पण ते विकर व्हॅसलिनवर, पॅराफिनवर, खाद्यतेलावर किंवा सिलिकॉनवर काम करत नाही. तेल विरघळवून काढणारे कोणतेही औषध नाही.

सुई किंवा सिरिंज दुसऱ्या कोणी वापरलेली असेल, किंवा एकाच बाटलीतून अनेकांना टोचले गेले असेल, तर प्रश्न केवळ तेलाचा उरत नाही. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे 72 तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू केली तरच उपयोगी पडतात व ती 28 दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या, हिपॅटायटिस बीची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांबाबतही त्याच भेटीत विचारावे. पहिली रक्ततपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीनंतर ती पुन्हा करावी लागते. तोवर जोडीदाराच्या सुरक्षेसाठी कंडोम वापरावा, किंवा जखम असल्यास संभोग पूर्णपणे थांबवावा.

डॉक्टरांना काय आणि कसे सांगावे

बहुतेक रुग्ण येथेच अडखळतात. गाठ आपोआप आली, डास चावला, मार लागला, असे सांगितले जाते, आणि डॉक्टर त्या दिशेने शोध घेऊ लागतात. परिणामी प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स होतात, गुप्तरोगाच्या तपासण्या होतात, कडक गाठ पाहून कर्करोगाची शंका येते, किंवा अग्रत्वचा मागे जात नाही म्हणून केवळ सुंता केली जाते आणि तेलाने भरलेल्या ऊतीवर घातलेले टाके उसवतात. एक खरे वाक्य हे सारे टाळू शकते.

ते वाक्य आधीच ठरवून ठेवावे. ‘डॉक्टर, अमुक महिन्यांपूर्वी मी लिंगात व्हॅसलिन टोचून घेतले आहे आणि आता गाठ झाली आहे,’ एवढे पुरेसे आहे. बोलणे अवघड वाटत असेल तर कागदावर लिहून द्यावे. काय टोचले, साधारण किती, किती वेळा, केव्हा, कोणी, सुई नवी होती का, त्रास कधी सुरू झाला आणि तेव्हापासून काय काय उपाय केले, याचा तपशील त्या कागदावर असावा. बाटली, ट्यूब किंवा वेष्टन शिल्लक असेल तर सोबत न्यावे. नसेल तर त्याचे छायाचित्रही उपयोगी ठरते. पदार्थ नेमका कोणता हे माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे सांगावे, अंदाजाने नाव घेऊ नये. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, धूम्रपान आणि ॲलर्जी यांची माहिती न विचारताही द्यावी.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक कर्तव्य आहे. तपासणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे असे वाटत असेल तर तशी विनंती निःसंकोच करता येते. मूत्ररोगतज्ज्ञांसाठी हा विषय अपरिचित नाही. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी अनेक देशांतून प्रसिद्ध झालेल्या आहेत. तरीही एखाद्या ठिकाणी अपमानास्पद वागणूक मिळालीच, तर उपचार सोडून न देता दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे, कारण तुमचा आजार त्या वागणुकीमुळे थांबणार नाही.

तपासणीत डॉक्टर हाताने गाठींची व्याप्ती आणि जांघेतील ग्रंथी पाहतात. सोनोग्राफीतून तेल कोणत्या थरात आहे याचा अंदाज येतो. ते कोठवर पसरले आहे हे शस्त्रक्रियेआधी नेमके कळावे म्हणून एमआरआय करावा लागू शकतो. निदानाविषयी शंका असल्यास, विशेषतः बरा न होणारा व्रण असल्यास, बायोप्सी, म्हणजे ऊतीचा लहान तुकडा काढून तपासणी, करतात.

शस्त्रक्रिया

थोड्या भागात मर्यादित असलेल्या आणि नुकत्याच झालेल्या सुजेवर काही वेळा स्टिरॉइडचा उपचार करून पाहिला जातो, पण तो मूळ पदार्थ काढू शकत नाही. ज्यांना वेदना, व्रण, पुन्हा पुन्हा संसर्ग किंवा संभोगात अडथळा आहे त्यांच्यासाठी खरा उपचार म्हणजे तेलाने भरलेली ऊती आणि तिच्यावरची खराब त्वचा पूर्ण काढून टाकणे.

हे ऐकून रुग्ण घाबरतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून शरीररचनेतील एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो. लिंगात ताठरता आणणाऱ्या नळ्यांभोवती एक चिवट आवरण असते आणि त्याच्याबाहेर आणखी एक पडदा असतो. त्वचेखाली टोचलेले तेल बहुधा या पडद्याच्या वरच्याच थरात राहते. ताठरतेच्या नळ्या, मुख्य नसा आणि मूत्रमार्ग त्याच्या आत सुरक्षित असल्यामुळे वरचा बाधित थर सोलून काढला तरी ताठरतेची क्षमता पुष्कळ रुग्णांत टिकून राहते आणि दुखणे गेल्यामुळे लैंगिक जीवन पूर्वीपेक्षा सुधारते. वेळीच उपचार घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. संसर्ग खोल गेला, मूत्रमार्गाला छिद्र पडले किंवा गँगरीन झाले की हा दिलासा देता येत नाही.

त्वचा थोडी काढावी लागली तर उरलेल्या त्वचेच्या कडा जोडून टाके घालता येतात. जास्त काढावी लागली तर मांडीवरून किंवा अन्य ठिकाणाहून त्वचा घेऊन तिचे रोपण करतात, अथवा वृषणकोशाची लवचीक त्वचा फिरवून दांड्यावर आणतात. दोन टप्प्यांची एक पद्धतही आहे: पहिल्या शस्त्रक्रियेत सोललेला दांडा वृषणकोशाच्या त्वचेखाली ठेवून लिंगमणी तेवढा बाहेर काढतात, आणि काही आठवडे ते तीन महिन्यांनी तेथील त्वचा चिकटली की ती दांड्यासह मोकळी करतात. कोणती पद्धत निवडायची हे वृषणकोशाची त्वचा तेलापासून किती वाचली आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना काही प्रश्न स्पष्ट विचारावेत: अशा किती रुग्णांवर त्यांनी उपचार केले आहेत, सर्व तेल एकाच वेळी निघेल का, प्लास्टिक सर्जन सोबत असतील का, लांबी किंवा संवेदना यांत किती फरक पडू शकतो, आणि रोपण केलेली त्वचा धरली नाही तर पुढे काय. संमतिपत्रावर सही करण्याआधी यांची उत्तरे मिळायला हवीत. धूम्रपान करत असाल तर ते शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद करावे, कारण तंबाखूमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि रोपण फसण्याची शक्यता वाढते. मधुमेह असल्यास साखर नियंत्रणात आणावी.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लघवीसाठी नळी असते आणि पट्टी हलवू नये अशी सूचना असते. झोपेत आपोआप येणाऱ्या ताठरतेमुळे टाक्यांवर ताण येऊन दुखते. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, त्यासाठी औषध देता येते. संभोग साधारण सहा आठवडे, किंवा सर्जन सांगतील तितका काळ, टाळावा लागतो. पट्टीतून दुर्गंधी येणे, लिंगमणी गार किंवा काळसर पडणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नये.

ज्या चिंतेपायी हे केले गेले तिच्याविषयी

तेल काढले तरी आकाराबद्दलची चिंता मनात राहू शकते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर माणूस पुन्हा कोणत्या तरी जाहिरातीच्या मागे जातो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 15,000 हून अधिक पुरुषांची आरोग्य-व्यावसायिकांनी घेतलेली मापे एकत्र केली होती. त्यात ताठर लिंगाची सरासरी लांबी सुमारे 13.1 सेंटिमीटर आणि घेर सुमारे 11.7 सेंटिमीटर आढळला, आणि बहुतेक मापे या सरासरीच्या आसपासच होती. आकार वाढवून मागणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेकांचे माप सामान्य मर्यादेतच असते. अश्लील चित्रफितींतील शरीरांशी तुलना केल्याने आणि स्वतःचे लिंग नेहमी वरून, आखूड दिसणाऱ्या कोनातून पाहिल्याने गैरसमज बळावतो. ही चिंता दिवसभर मनात घोळत असेल, त्यामुळे संबंध टाळले जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा लैंगिक आरोग्यातील समुपदेशक यांची मदत घ्यावी; विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराचा यात उपयोग होतो.

जोडीदाराला एक विनंती आहे. ही गोष्ट कळल्यावर पहिल्या क्षणी राग येणे समजण्यासारखे आहे, परंतु रुग्णासोबत दवाखान्यात जाणे आणि पट्टीच्या दिवसांत त्याला एकटे न सोडणे याने उपचार अर्ध्यावर सुटण्याची शक्यता खूप कमी होते.

ज्यांना आज काहीच त्रास नाही

टोचून वर्षे लोटली आहेत आणि वेदना, व्रण, गाठीची वाढ यांपैकी काही नाही, अशा वेळी लगेच शस्त्रक्रिया करायची की लक्ष ठेवायचे हे तज्ज्ञांनी तपासून ठरवावे. लक्ष ठेवायचे ठरल्यास महिन्यातून एकदा स्वतः हात लावून गाठींचा आकार, त्वचेचा रंग आणि जांघ तपासावी आणि ठरलेल्या मुदतीने डॉक्टरांना दाखवावे. बराच काळ न भरणारा व्रण किंवा वाढत जाणारी गाठ असल्यास बायोप्सीचा आग्रह धरावा, कारण जुन्या गाठींच्या जागी त्वचेचा कर्करोग झाल्याच्या विरळ नोंदी आहेत. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: अशा गाठींतील पेशी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करू शकतात आणि त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. असे मुख्यतः शरीरात फार मोठ्या प्रमाणात तेल टोचून घेतलेल्यांमध्ये, उदाहरणार्थ स्नायू फुगवण्यासाठी ते वापरणाऱ्यांमध्ये, आढळले आहे. वारंवार तहान लागणे, लघवी जास्त होणे, बद्धकोष्ठ, मळमळ आणि सतत थकवा जाणवत असेल तर कॅल्शियम व क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि कोणत्याही कारणाने कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यापूर्वी, त्या कोणत्याही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असल्या तरी, शरीरात तेल आहे हे त्यांना आधी सांगावे.